चिंचबेटाची एकी

सारजाला जुळं झालं त्या आठवड्यात चिंचबेटावर शंभरावर पाहुणे उतरले होते आणि गावातलं झाडून सगळं दूध त्यांच्या चहाला नि बासुंदीला बांधलं गेलं होतं. प्रयागबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या स्वतःच्या पडवीत पुण्याचं एक जोडपं राहत होतं आणि त्यांचे सायीनं माखलेले पेले ती रोज सकाळी स्वतःच घासत होती. पण ह्या सगळ्याचा खरा अर्थ तिला कळला तो बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी.

प्रयागबाई बेटाची सुईण. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, बोलायला फटकळ. बेटावर तिशीच्या आतलं जे कोण होतं ते तिच्या हातात जन्मलेलं. चिंचबेट म्हणजे निरवांगीच्या अलीकडं नीरेच्या पात्रात वर आलेला उंचवटा. एका अंगाला खोल डोह, दुसऱ्या अंगाला उथळ धार, मधे महादेवाचं देऊळ आणि साठेक घरं. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी चढलं की नाव बंद. मग पंधरा-पंधरा दिवस ज्याच्या घरात जे असेल ते सगळ्यांचं. कुणाकडं मीठ, कुणाकडं वाळलेलं सरपण, कुणाकडं जोंधळा. ह्यात कुणी मोठेपणा मिरवत नव्हतं. पाण्यानं वेढलेल्या माणसांना दुसरं सुचतच नव्हतं.

त्यातलीच एक चाल बाळंतिणीच्या तांब्याची. कुणाच्या घरी बाळंतपण झालं की दुभतं असलेल्या घरांनी आळीपाळीनं सव्वा महिना एकेक तांब्या दूध उंबऱ्यावर ठेवून जायचं. हाक मारायची नाही, विचारायचं नाही. बाळंतिणीच्या घरानं तांब्या धुऊन परत उंबऱ्यावर पालथा घालायचा. प्रयागबाईनं स्वतःच्या बाळंतपणात, रामहरीच्या वेळी, असंच दूध प्यालं होतं.

मग तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या कुणा वैद्यानं वर्तमानपत्रात लिहिलं, की चिंचबेटाच्या डोहाचं पाणी पोटाच्या विकारावर गुणकारी आणि हवा छातीला हितकर. तिकडं कळंबाजवळ साखरेचा कारखाना उभा राहिला होता, त्यामुळं सडक सुधारली होती. बारामतीला आगगाडीतून उतरलं की मोटार थेट निरवांगीच्या काठापर्यंत येऊ लागली. पहिल्या हिवाळ्यात चार कुटुंबं हवापालटाला आली. लोकांनी त्यांना कौतुकानं भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि जाताना पैसे देऊ केले तर लाजले. दुसऱ्या हिवाळ्यात कुणी लाजलं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात सर्जेराव पाटलांनी आपल्या गोठ्याला चुना फासला, आत सहा बाजा टाकल्या आणि दारावर पाटी लावली : ‘आरोग्यभुवन’. गाई बाहेर उघड्यावर बांधल्या.

बाकी मुलखात त्या वर्षांत मंदी होती. बारामतीच्या पेठेत गुळाच्या ढेपेला कुणी हात लावत नव्हतं, जोंधळा मातीमोल झाला होता. आणि चिंचबेटावर मात्र वांगी बारामतीच्या तिप्पट भावानं जात होती. कुंडलिक दुकानदारानं आधी दोन भाव ठेवले, एक गावाचा आणि एक पाहुण्यांचा. पुढं दोन भाव ध्यानात ठेवायचा त्याला कंटाळा आला आणि त्यानं एकच ठेवला, मोठा. न्हावी रविवारी गावातल्या कुणाच्या हनुवटीला वस्तरा लावेना. सरपण विकत घ्यावं लागेल असं बेटावर कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, तेही झालं. ज्यांच्या हाती पडवी, म्हैस किंवा मळा होता त्यांचं बरं चाललं. ज्यांच्या हातात नुसते हात होते, त्यांना रोजची भाजी पेलेना.

म्हस्कू नावाडी तसला. दोन पिढ्या त्याचं घर डोहाच्या काठाला होतं, जागा पाटलांची. पाटलांनी दिवाळीत त्याला बोलावून सांगितलं, “म्हस्कू, पाव्हन्यास्नी पानी दिसंल अशी जागा लागती. तुला पान्याचं काय कौतिक? तू तर त्यातच आसतूस.” म्हस्कूनं पोटुशी बायको घेतली आणि घाटाशेजारी नाव ठेवायच्या छपरात बिऱ्हाड केलं. त्याच छपरात, डांबराच्या वासात, सारजा बाळंत झाली. आधी मुलगा, मागून पावपायली एवढी मुलगी.

सारजाचं वय वीस. तिच्या अंगावर दूध उतरेना. दिवसभर कोरड्या भाकरीवर राहणाऱ्या बाईच्या अंगावर दोघांपुरतं दूध यायचं कुठून? प्रयागबाईनं तिला शेपा-बाळंतशेपा उकळून पाजल्या, पाठ चोळली. साखरबाई नावाची एक शेजारीण होती, तिचं पोर वर्षाचं होतं. ती दोन दिवस दुपारची आली आणि पोरीला अंगावर घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी आली नाही. तिच्या सासूनं पाहुण्यांच्या पुरणपोळ्यांना बसवलं होतं.

तीन दिवस प्रयागबाई तांब्याची वाट बघत होती. सकाळी छपराच्या तोंडाशी जायची, बघायची, काही नाही. तिला वाटलं, लोक गडबडीत आहेत, विसरले असतील. चौथ्या दिवशी पोरगी रडायची थांबली. नुसतं तोंड उघडायची आणि मिटायची. प्रयागबाईनं तांब्या उचलला आणि निघाली.

पहिलं घर फुलाबाईचं. फुलाबाई चुलीपुढं कढईत खवा आटवत होती.

“फुले, सारजाला दूध दे तांब्याभर.”

फुलाबाई उलथनं फिरवायची थांबली नाही. “आक्का, दिलं आसतं वो. पर मंडळाचा नेम हाय न्हवं? कुनी फुकट द्यायचं न्हाय, कुनी कमी भावात द्यायचं न्हाय. एकानं दिलं की पाव्हनं समद्यास्नी मागत्यात.”

“सारजा पाव्हनी हाय?”

“तसं न्हवं. पर एकी मोडती म्हनत्यात पाटील.”

मंडळ म्हणजे ‘चिंचबेट उत्कर्ष मंडळ’. पाटील त्याचे प्रमुख. मंडळाची सभा झाली की पाटील एकीवर बोलायचे. आपण एक राहिलो म्हणून भाव टिकला, फुटलो असतो तर शहरवाल्यांनी आपल्याला एकमेकांत झुंजवलं असतं, असं काहीबाही. लोकांना ते पटायचं. प्रयागबाईलाही पटलं होतं. पडवीचं भाडं ठरलं तेव्हा तीही मान डोलावून आली होती.

दुसरं घर चंद्राबाईचं. चंद्राबाईनं तिला येताना पाहिलं आणि पुढ्यातल्या घागरीवर पदर ओढला. दूध झाकायला पदर! प्रयागबाई तशीच मागं फिरली. चंद्राबाईच्या दोन्ही लेकी तिनं काढल्या होत्या, त्यातली दुसरी पायाळू. एक रात्र नि एक दिवस उपाशी बसून.

त्यानंतर ती देवळात गेली. आप्पा गुरवाकडं दूध असतंच, देवाचं म्हणून मागू, असं तिनं ठरवलं. गाभाऱ्यापुढं पाहुण्यांची रांग होती. मंडळानं दुधाचा अभिषेक सुरू केला होता. एकेक बाई पुढं व्हायची, आप्पा तिच्या नावानं चरवीभर दूध पिंडीवर ओतायचा. पूर्वी ह्या पिंडीला सोमवारी पळीभर दूध लागायचं आणि उरलेलं पोरांना मिळायचं. आता ते धारेनं वाहत होतं. गाभाऱ्याच्या मागं दगडी गोमुखातून पांढरं पाणी बदाबदा पडत होतं, त्याचा चिखल झाला होता, आंबूस वास सुटला होता, माश्या घोंघावत होत्या आणि दोन कुत्री त्यात जिभा घालून उभी होती.

प्रयागबाई रिकामा तांब्या घेऊन तिथं उभी राहिली. तिनं भिंतीला हात टेकला आणि देवळाच्या मागं ओकली. मळमळ देवाची नव्हती. देवानं कुठं दूध मागितलं होतं? त्या चिखलाची होती, त्या वासाची होती, आणि त्या चिखलाशेजारी पानाची पिंक टाकत गप्पा हाणणाऱ्या ओळखीच्या तोंडांची होती.

घरी आली तेव्हा रामहरी, तिचा एकुलता मुलगा, धारा काढून दूध मापत होता. त्याच्याकडं एक गाय आणि दोन म्हशी. पंचविशीचा, कष्टाळू, निर्व्यसनी. प्रयागबाईला त्याचा अभिमान होता.

“रामहरी, गाईचं दूध दे. सारजाची पोरगी जायला लागली.”

“आये, पाटलाच्या भुवनाला जातंय ते. बोली झालीया.”

“एक तांब्या.”

“एक तांब्या कमी पडला तर पाटील उद्या दुसऱ्याचं घेतील. माझ्या एकट्याच्या हातात हाय का?” त्यानं मान वर केली. “म्हस्कूला म्हनावं, घे इकत. मी काय त्याला न्हाय म्हनतोय? समद्यास्नी जो भाव, त्यो त्याला.”

“तू प्यालास त्याचा भाव कुनी लावला हुता रं?”

रामहरी खाली बघून म्हणाला, “तवाचं निराळं हुतं.”

प्रयागबाईला त्याचा राग आला नाही, किळस आली. आपण ह्याला जन्म दिला, ह्या हातांनी नाळ बांधली, आणि हा ‘बोली झालीया’ म्हणतो. तिनं त्याच्या पुढ्यातली चरवी उचलली. तो उठेपर्यंत ती दारातून बाहेर होती. भर सकाळी, उघड्या चरवीत, हिंदकळतं दूध घेऊन ती साऱ्या गावातून चालत गेली. कुंडलिक दुकानातून बघत राहिला. कुणी अडवलं नाही.

छपरात तिनं दुधात पाणी घालून ते कोमट केलं, कापसाचा बोळा बुडवून पोरीच्या तोंडाला लावला. पहिले चार बोळे नुसतेच ओघळले. पाचव्याला पोरीनं ओठ आवळले.

दुसऱ्या दिवशीही प्रयागबाईनं गाय स्वतः पिळली. तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत मंडळाची सभा भरली, देवळापुढच्या पटांगणात. पाहुण्यांपैकीही काही मंडळी गंमत म्हणून पारावर बसली होती. त्यांत एक निवृत्त मुन्सफ होते; काळी टोपी, लांब कोट, हातात काठी.

सर्जेराव पाटील उभे राहिले. पाटील दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. “प्रयागबाई,” ते म्हणाले, “तुमी वडीलधाऱ्या. पर नेम त्यो नेम. तुमी फुकट दूध दिलं. आज तुमी दिलं, उद्या दुसरं कुनी दील. मंग ऱ्हायलं काय? एकी मोडली म्हंजी गाव बुडालं. तवा मंडळानं ठरिवलंय, तुमच्या पडवीला ह्या म्हैन्यात पाव्हना देयाचा न्हाय.”

प्रयागबाई उभी राहिली. सभेत बाया बोलत नसत. ती बोलली.

“आबा, गेल्या मोठ्या पुरात तुमच्या घरात दाना नव्हता. पेवात पानी शिरलं हुतं. कुनाच्या चुलीवर जेवला तुमी? ह्याच म्हस्कूच्या बापाच्या. त्यानं तुमाला एकी शिकिवली न्हाय, नुसतं ताट वाढलं.” ती वळली आणि बसलेल्यांकडं बघू लागली. “तुमी न्हायतर तुमची पोरं, समदी माझ्या हातात आलासा. नागडी, रगतानं माखलेली. तवा मला कुनाची शिसारी आली न्हाय. आज येतीया. पडवी घाला चुलीत. मी उद्या बी दूध नेनार.”

सगळे खाली बघू लागले. सभा तिथंच मोडली असती आणि कदाचित त्या शरमेतून काही बरंही निघालं असतं. पण पारावरचे मुन्सफसाहेब काठी टेकत उठले. त्यांचे डोळे पाणावले होते.

“वाहवा!” ते म्हणाले. “खेड्यात अजून माणुसकी जिवंत आहे म्हणायची! एका गरीब बाळंतिणीसाठी सबंध गाव सभा भरवतं! आमच्या पुण्यात शेजारी मेला तरी कळत नाही. पाटील, तुमच्या ह्या कार्याला माझी ही अल्प मदत.” आणि त्यांनी पाटलांच्या हातावर पाच रुपये ठेवले.

साहेबांना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. पाटलांना मात्र सगळं कळलं. त्यांच्या तोंडावरचा भाव प्रयागबाईच्या डोळ्यांदेखत बदलला.

“साहेब,” पाटील हात जोडून म्हणाले, “आमच्या बेटाची ही वाडवडलांपासनं चाल हाय. बाळंतिनीचा तांब्या म्हनत्यात. हितं कुनी उपाशी ऱ्हात न्हाय. समदं एका जिवाचं हाय बगा आमचं.”

पारावरच्या बायका चुकचुकल्या. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. फुलाबाईनं, चंद्राबाईच्या नवऱ्यानं, कुंडलिकानं. प्रयागबाईला तिथं उभं राहवेना.

आठ दिवसांत बारामतीहून रंगवलेली पाटी आली. ‘बाळंतीण दूध फंड. चिंचबेटाची प्राचीन परंपरा.’ देवळाच्या ओवरीत ती पाटी, तिच्याखाली कुलूप घातलेली लाकडी पेटी आणि रविवारी पेटीशेजारी घोंगडीवर सारजा, दोन्ही मांड्यांवर दोन पोरं. पाटलांनी तिला नवं लुगडं दिलं होतं, तेवढ्यापुरतं नेसायला. पाहुण्यांच्या बायका यायच्या, वाकून बघायच्या, “अगबाई, ही किती बारीक!” म्हणून पोरीचा गाल बोटानं दाबायच्या, पेटीत नाणं टाकून पुढं अभिषेकाच्या रांगेत उभ्या राहायच्या. मोटारवाला निरवांगीच्या काठावरच ओरडून सांगू लागला : डोह, देऊळ आणि जुळी.

प्रयागबाईनं म्हस्कूला गाठलं. तो नावेतलं पाणी उपसत होता.

“लाज वाटत न्हाय तुला? वल्ली बाळंतीन दिवसभर वाऱ्यात बसवतुयास.”

म्हस्कूनं उपसलेलं पाणी बाहेर फेकलं. मग म्हणाला, “मावशी, मंडळ दूध देतंय न्हवं रोज? त्यावर मला बी रविवारचं कायतरी सुटतंय. तुमी एकटी किती दिस चरवी आनशिला? गप ऱ्हावा.” तो मुळातला वाईट माणूस नव्हता. त्याच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा प्रयागबाईला पाटलाच्या भाषणानंतरही झालं नव्हतं इतकं ओंगळ वाटलं, जणू आपल्याच ताटात कुणी थुंकलं.

फंडाचं दूध रोज पाटलांच्या भुवनावरून येत होतं हे खरं, म्हणून प्रयागबाईनं चरवी न्यायचं थांबवलं होतं. पण सारजाची पोरगी अंग धरेना. महिन्याची झाली तरी तिच्या बरगड्या मोजाव्यात अशा. मुलाला ढाळ लागले. सारजाचं अंग संध्याकाळी तापायला लागलं. एका सकाळी प्रयागबाईनं मंडळाकडून आलेला तांब्या उजेडात धरला आणि आत बोट बुडवून वर काढलं. बोटावरून दूध पाण्यासारखं निथळून गेलं. मागं पांढरा थेंब राहिला नाही. रंग निळसर. तिनं जिभेला लावलं. निम्म्याहून जास्त पाणी, तेही डोहाचं, शेवाळाच्या वासाचं.

“हे कुनाच्या घरचं येतंय गं?” तिनं सारजाला विचारलं.

सारजा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “मावशी, इचारू नका.”

“सांग.”

“रामहरीदादाच्या. मंडळानं फंडाचं दूध त्यास्नी बांधून दिलंय.”

प्रयागबाई तांब्या तसाच घेऊन घरी गेली. रामहरी अंगणात वैरण तोडत होता. तिनं तांब्या त्याच्यासमोर ठेवला.

“पी.”

त्यानं तांब्याकडं बघितलं, आईकडं बघितलं.

“पी म्हनते. चांगलं आसंल तर पी.”

“आये, फंडाला मंडळ भावच कमी देतंय. मग त्या भावात...”

“पानी कुठलं घातलंस?”

रामहरीनं वैरणीची पेंढी पुढं ओढली. पडवीत नवा पाहुणा होता. बंदी दोन दिवसांतच उठली होती, कारण रामहरीनं फंडाचं काम पत्करलं होतं. हे प्रयागबाईला आत्ता, ह्या क्षणी उमगलं. तिनं तांब्या उचलला, त्यातलं दूध अंगणातल्या उकिरड्यावर ओतलं आणि आत जाऊन आपलं दुसरं लुगडं, सुईणपणाची पिशवी आणि शेरभर बाजरीचं पीठ बांधून घेतलं.

“कुठं चाललीस?”

“तुज्या घरातलं पानी मला जानार न्हाय आता,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “कुठलं बी.”

सारजाचं माहेर कळंबचं. बाप वारला होता. आई कुशाबाई कारखान्याच्या उसात खुरपायला जायची. तिला निरोप गेला नव्हता. म्हस्कूनं जाऊ दिला नव्हता, रविवार बुडेल म्हणून. प्रयागबाईनं छपरात जाऊन एक पोर सारजाच्या पदरात दिलं, दुसरं आपल्या.

“ऊठ. चालवंल का?”

“चालवंल,” सारजा म्हणाली. ती इतक्या झटक्यात उठली, की प्रयागबाईला कळलं, ही कधीपासून कुणीतरी असं म्हणायची वाट बघत होती. पाटलांचं नवं लुगडं तिनं घडी करून दगडाखाली ठेवलं.

घाटावर म्हस्कू नाव लावून उभा होता. पलीकडून नुकतेच आलेले आठ-दहा पाहुणे उतरत होते. त्यातल्या एका बाईनं सारजाकडं बोट दाखवलं. “अहो, हीच का ती जुळी? आत्ताच बघून घेऊ, म्हणजे देवळात गर्दी नको.” आणि तिनं पुढं होऊन प्रयागबाईच्या पदराखालचं पोर बघायला पदराला हात घातला.

प्रयागबाईनं तो हात मनगटाला धरून बाजूला केला. “बाई, हे देवळातलं न्हाय. हे मानसाचं लेकरू हाय. व्हा बाजूला.”

म्हस्कू म्हणाला, “मावशी, मी न्हाय नेनार. पाटील मला...”

“नकू नेऊ.” प्रयागबाई वळली. उथळ धार बेटाच्या दुसऱ्या अंगाला होती. पुसाचे दिवस, पाणी मांडीपर्यंत आणि बर्फासारखं. दोघी बाया पोरं खांद्याशी धरून त्यात उतरल्या. मध्यावर सारजाचा पाय घसरला. मागून कुणीतरी तिच्या दंडाला धरलं. म्हस्कू होता. त्यानं तिला पलीकडच्या वाळूत पोचवलं, पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि ओल्या धोतरानं परत फिरला. सारजानं मागं वळून पाहिलं नाही.

कळंबला कुशाबाईची एकच खोली होती, पण शेजारच्या जयवंताच्या दारात गाय होती. तो दूध विकायचा, बाजारभावानं. प्रयागबाई तिथं बायांची पोटं चोळून, पोरांची अंगं धुऊन ते विकत घेऊ लागली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तो दुधाला दूध म्हणत होता आणि वर परंपरा सांगत नव्हता. पोरगी होळीपर्यंत मान धरायला लागली. मुलगा तर गुबगुबीत झाला. म्हस्कू दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा कारखान्यात हमाली मिळते का विचारून गेला.

चैत्रात एके दिवशी रामहरी आला. दारातच उभा राहिला. तो वाळला होता.

“आये, पाटलाच्या सुनंला दोन दिस झालं कळा येत्यात. पोर आडवं आलंय. इंदापूरचा डाक्टर गावात न्हाय. पाटील म्हनलं, पाया पड पर घिऊन ये.”

प्रयागबाईनं खुरपं खाली ठेवलं. कुशाबाई म्हणाली, “जाऊ नगासा. मरू द्यात.”

“सून कुठं एकीच्या सभंला बसली हुती?” प्रयागबाई म्हणाली आणि पिशवी घेतली. वाटेत ती रामहरीशी बोलली नाही. तोच सांगत होता. पेटी अजून होतीच. जुळी गेल्यावर मंडळानं साखरबाईचं पोर बसवलं होतं. ते सव्वा वर्षाचं, चालायला लागलेलं, म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधून ठेवत. “लोक तरी पैसं टाकत्यात,” रामहरी म्हणाला, आणि मग, नदीचा काठ आल्यावर, “मला बी बरं वाटत न्हाय गं.” प्रयागबाईनं ऐकलं.

पाटलांच्या सोप्यात चार पाहुण्या बाया बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी माना उंच करून उभ्या होत्या. प्रयागबाईनं त्यांना बाहेर काढलं, दार लावलं, हात गरम पाण्यानं धुतले आणि कामाला लागली. दुपार उलटेपर्यंत तिनं पोटावरून पोर फिरवलं. तिन्हीसांजेच्या आधी ते बाहेर आलं, निळं पडलेलं. तिनं त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा ते रडलं. मुलगी होती. सून वाचली.

पाटील सोप्यात उभे होते, हातात जरीकाठी लुगडं आणि वर नारळ. डोळे सुजलेले. “प्रयागबाई, तुमचं उपकार...”

“ठेवा त्ये.”

“घ्या वो. मंडळाच्या वतीनं बी सत्कार करू म्हनतो. पाव्हन्यांसमूर.”

प्रयागबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. दोन दिवस हा माणूस खरोखर रडला होता, हे दिसत होतं. आणि तरीही हे शब्द त्याच्या तोंडातून आपोआप आले होते, जसा घसा खाकरला की कफ येतो. लुगड्याला तिनं हात लावला नाही. माठातलं पाणीही घेतलं नाही. “सुनंला वाऱ्यात बसवू नगासा,” एवढंच बोलून ती बाहेर पडली.

धारेशी तिला साखरबाई भेटली, धावत आलेली, कडेवर पोर. पोराच्या घोट्याला दोरीचा लाल वळ होता.

“आक्का, ऱ्हातीस का हितं आता?”

“न्हाय गं. कुनाचं आडलं तर ईन. ऱ्हायला न्हाय.”

साखरबाई पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिली. “सासू म्हनती, पोर बसत न्हाय तर खायला बी मागायचं न्हाय.”

प्रयागबाईनं पिशवीतून तेलाची बाटली काढली, वाकून पोराच्या घोट्यावर तेल लावलं आणि हलक्या हातानं वळ चोळला. पोर हसलं.

“उद्या काय करशील?” तिनं विचारलं.

“काय करू?”

“दोरी कापून टाक. पुढचं मंग बगू.”

पोर कडेवर घेऊन साखरबाई धारेत दोन पावलं तिच्याबरोबर आली, घोटाभर पाण्यात थांबली आणि प्रयागबाई पलीकडं पोचेपर्यंत तिथंच उभी राहिली.